सतरा आठे

गारगोटी
५ जानेवारी २०२५

प्रिय संघप्रिया,
जय भीम.

काल तू रागानं गेलीस. डबा इथंच राहिला. त्यातल्या भाकऱ्या शेजारच्या शालूबाईनं नेल्या. डबा घासून ठेवला आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं. माझे कान ठीक आहेत. हृदयाची झडप आकसली आहे, बदलावी लागेल, त्यासाठी छाती उघडावी लागेल. नाही बदलली तर एखादं वर्ष. घरी आल्यावर हेच तू मला पुन्हा पुन्हा सांगितलंस, जणू मी वर्गात उशिरा आलेली मुलगी आहे. मी नाही म्हणाले. तू कारण विचारलंस. कारण काही नाही. अडुसष्ट वर्षं झाली. पुरे.

फोनवर तू रडतेस. फोन 'जेवलीस का' एवढ्यापुरता ठेवू. बाकीचं लिही.

आता माझं म्हणणं ऐक. ऑफ तासाला मी मुलांना एक खेळ द्यायची. एक संख्या बांधायची. तिला उजवीकडं एकेक अंक जोडत जायचं. अट अशी की दोन अंक झाले की संख्येला दोनानं भाग गेला पाहिजे, तीन झाले की तिनानं, चार झाले की चारानं. जितके अंक, तितक्यानं. बाकी शून्य. पुढचा अंक बसला नाही की संख्या संपली.

तीस वर्षांत अठरा अंकांच्या पुढं गेलेली संख्या मी पाहिली नाही. म्हणून पैज लावते. आपण दोघींनी एक संख्या बांधायची, एक अंक माझा, एक तुझा. ती वीस अंकी झाली तर मी कोल्हापूरला येते आणि तू म्हणशील त्या टेबलावर झोपते. त्याआधी अडली तर दवाखान्याचं नाव तू माझ्यासमोर काढायचं नाहीस. कधीच.

यंत्र लावायचं नाही. आणि नुसतं उत्तर नको, रीत हवी. भागाकार मांडून पाठवायचा.

पहिला अंक माझा. ३.

तुझी आत्ती,
क्रांती


राजारामपुरी, कोल्हापूर
८ जानेवारी

आत्ती,
जय भीम.

पत्र वाचलं आणि तशीच चप्पल घालून स्टँडकडं निघाले, तुझ्याशी भांडायला. नवव्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले. भांडून तू कधी कुणाचं ऐकलं आहेस? आबा म्हणायचा, माझ्या बहिणीला पटवायचं तर फळ्यावर पटवावं लागतं, तोंडानं नाही.

माणसानं जगायचं की नाही हे भागाकारावर ठरवणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल. ती माझ्या वाट्याला आली. पैज मान्य.

आबा गेल्यावर मला तूच आहेस. हे मी पैजेत धरलेलं नाही. नुसतं सांगून ठेवते.

दुसरा अंक सम हवा. ६ घेतला. ३६ भागिले २, अठरा. हीच रीत. हसू नकोस.

संघप्रिया


गारगोटी
११ जानेवारी

प्रिय संघप्रिया,

३६ च्या पुढं ०, ३, ६, ९ चालतात. मी ० घेते. ३६०, तिनानं एकशे वीस. मुलं शून्याला घाबरायची. त्यांना वाटायचं, शून्य जोडलं की जागा फुकट गेली.

मी बरी आहे. काल बाजारात जाऊन वांगी आणली. चालत गेले, चालत आले.

आत्ती


राजारामपुरी
१४ जानेवारी

आत्ती,

३६० पुढं ०, ४, ८ चालतात. मी ८ घेतला. ३६०८ भागिले ४, नऊशे दोन.

वांगी शालूबाईकडून मागवत जा.

संघप्रिया


गारगोटी
२९ जानेवारी

प्रिय संघप्रिया,

तुझी कार्डं टेबलावर ओळीनं मांडली आहेत. माझा ५, तुझा २. माझा ८, तुझा ८. आज नववं घर माझं. आतापर्यंतच्या अंकांची बेरीज चाळीस. नवानं भाग जायला पंचेचाळीस हवेत. म्हणून ५. दुसरं काही बसतच नाही.

३६०८५२८८५.

दहावा अंक तुझा आहे पण त्यात तुला विचार करायला जागा नाही. दहानं भाग जायचा तर शून्यच. तू लिहिला असं समजते.

आता नीट वाच. पहिल्या घरात नऊ अंक चालत होते. मग पाच, मग चार, मग तीन, मग दोन. प्रत्येक घराला आपली निवड आखडत गेली. आणि अकरापासून निवड संपते. उजवीकडं शून्य ते नऊ यांतलं काहीही ठेव, सलग दहा संख्या होतात. सलग दहा संख्यांत अकराची पट एक असते किंवा नसते. दोन कधीच नसतात. बाराचं तसंच, तेराचं तसंच, शंभराचंही तसंच.

म्हणजे आपण जे काही करायचं ते करून बसलो. संख्या कुठवर जाणार हे या नऊ अंकांत ठरून गेलं आहे. आपल्याला दिसत नाही, एवढंच. आता फक्त एकेक दार ढकलून बघायचं.

हे मी तीस वर्षं शिकवलं. आज लिहितानाही अंगावर काटा आला.

आत्ती


राजारामपुरी
९ फेब्रुवारी

आत्ती,

तुझा अकरावा आला. ३. तपासला. एक सोडून एक अंक मिळवले आणि वजा केले, शून्य आलं. बसतो!

बारावा माझा आणि तो मी क्लासमध्ये काढला. तुला न विचारता पोरांना खेळ सांगून टाकला, ओरडू नकोस. आयआयटीच्या बॅचला शनिवारी मी संख्या फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, हे परीक्षेला हाय का?"

"नाही."

"मग सोडा की!"

"सोडते. फक्त पुढचा अंक सांग, मग सोडते."

पाच मिनिटं वर्गात पेनांचा आवाज. अनुजा म्हणून एक मुलगी आहे, कुरुंदवाडची, वर्षभरात वर्गात तोंड उघडलेलं नाही. ती उठून ओरडली, "सहा! मॅडम, सहा बसतो!" मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, हिला आवाज हाय व्हय!" सगळा वर्ग हसला, तीही हसली. मग कोणी पुस्तक उघडेना. तेरावा काढूया म्हणून गलका. मी म्हटलं, तेरावा माझ्या आत्तीचा आहे, तिथं हात लावायचा नाही. त्यांना वाटलं आत्ती म्हणजे कुणी मोठी गणिती असणार, पुण्या-मुंबईची. मी म्हटलं, गारगोटीची.

३६०८५२८८५०३६. रीत मागच्या पानावर आहे, अनुजाच्या अक्षरात.

काय होतंय बघ ना आत्ती. बारा!

संघप्रिया


गारगोटी
ता. १६ फेबरवारी

संगप्रियाताईस शालूबाईचा नमस्कार.

मी बाईंना न सांगता लिवाय लागल्ये. तू पन सांगू नगंस, न्हायतर माझं काय खरं न्हाय. बाई तुला बरी हाय म्हनून लिवत असतील. बरी न्हाय. धा दिसामागं तुझं पत्र टाकाय पोष्टात गेलत्या तर पायरीवरच खाली बसल्या. डोळं पांढरं. पोष्टमन म्हनला दवाखान्यात न्हेऊ, तर शुद्धीवर आल्या आल्या त्याला म्हनत्या, आधी तिकीट लाव त्या पाकिटाला. असली बाई. वांगी मीच आनत्ये. त्या दारापतुर बी जाईनात.

मी म्हनलं बाई कोलापूरला जावा, पोरगी एवडी बोलावत्या. तर म्हनत्या, बगू, आकडा काय म्हनतोय त्यावर हाय. आकडा कुटं बोलतोय का? तुमचं दोगींचं काय चाललंय मला कळंना झालंय. पन टपाल आलं की बाई लहान पोरीवानी खूश हुत्यात, हे बी खरं हाय.

लवकर काय ते बग.

शालूबाई


गारगोटी
२० फेब्रुवारी

प्रिय संघप्रिया,

तेरावं घर. इथं पुष्कळ संख्या अडतात. आठ-दहा दिवस मी भागाकार मांडलाच नाही. कोरं पान समोर घेऊन बसायची आणि उठायची. परवा मांडला. शेवटच्या ओळीला बाकी उरली ती बघून हात थांबला. ८ हवा होता. आठ एका घरात मावतो.

३६०८५२८८५०३६८. तेरानं भाग लावलास तर २७७५७९१४२३३६ येतील.

मी ही पैज हरण्यासाठी लावली नव्हती. पण आठ बसला तेव्हा मी शालूबाईला हाक मारली. तिला वाटलं मला काही झालं. धावत आली. मी म्हटलं, बसला. ती म्हणाली, कोन बसलं?

त्या अनुजाला सांग, रीत स्वच्छ आहे. हातचे मात्र लिहून ठेवत जा म्हणावं.

मी बरी आहे.

आत्ती


राजारामपुरी
२ मार्च

आत्ती,

सोळा! सोळा, सोळा!

चौदावा माझा ४, पंधरावा तुझा ०, आणि आज माझा ०. शेवटचे चार अंक ८४००. सोळानं पाचशे पंचवीस. हा मी रिक्षात काढला, बसस्टँडवरून येताना, तिकिटाच्या मागं. मी "बसला!" म्हणून ओरडले. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. "कोन बसलं, ताई? आनि शीट न्हाय घेत मी." मी त्याला सगळं समजावलं, सायबर चौकापर्यंत. उतरताना म्हणाला, "मग सतरा बसंल का?" त्याचाही जीव अडकला आहे बघ.

क्लासच्या भिंतीवर पोरांनी संख्या लिहून ठेवली आहे, खाली मोकळी घरं आखली आहेत, वीसपर्यंत. रोज कुणी ना कुणी विचारतं, आत्तींचं पत्र आलं का?

३६०८५२८८५०३६८४००.

सतरावा तुझा. चार घरं राहिली. चारच.

आणि पोस्टात स्वतः जाऊ नकोस. पायऱ्या आहेत तिथं.

संघप्रिया


गारगोटी
६ मार्च

संघप्रिया,

सतरावा बसत नाही. तेरा लागतात. संख्या संपली.

ठरल्याप्रमाणे दवाखान्याचा विषय आता काढू नये.

पायऱ्यांचं तुला कुणी सांगितलं ते मला कळलं. तिला मी काही बोलले नाही.

क्रांती


राजारामपुरी
८ मार्च

आत्ती,

खोटं.

तेरा लागत नाहीत. सात लागतात. सात बसतो. सतरानं भाग लाव, सोळा अंकांपर्यंत बाकी १ उरते. शून्य उतरवलं की दहा. दहात सात मिळवले की सतरा. माझी रीत सोबत आहे, ओळ न ओळ. तुझी कुठं आहे? दोन महिने प्रत्येक कार्डावर भागाकार पाठवलास आणि नेमकं याच कार्डावर नाही?

तुला यायचं नव्हतं. तर पहिल्या दिवशी नाही म्हणालीस तशी नाहीच म्हणायचं होतंस. मी रडले असते आणि गप्प बसले असते. गणितात खोटं बोलायला नको होतंस. तू नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चाललं असतं.

पोरांना मी अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? आत्तींना भीती वाटली म्हणून त्यांनी बाकी चोरली?

संघप्रिया


गारगोटी
१७ मार्च

प्रिय संघप्रिया,
जय भीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडणार होते. मला आयुष्यात कुणी खोटारडी म्हटलेलं नाही. रागात माझा कच्चा कागद शोधला, तुला पाठवून गप्प करावं म्हणून. तो घडी घालून सोबत ठेवला आहे. तू बघशीलच. पण आधी मी सांगते.

चौदाव्या अंकाशी एकशे चव्वेचाळीस येतात. तिथं मी सतरा आठे घेतले आणि खाली १३४ लिहिले. बाकी १०. पुढं दोन ओळींनी एकशे पन्नास आले. तिथंही सतरा आठेच घेतले, आणि खाली लिहिले १३६.

एकाच कागदावर, एकाच बैठकीत, त्याच हातानं. सतरा आठे एकदा चौतीसासे आणि एकदा छत्तीसासे. मला दिसलं नाही. मी तो भागाकार दोनदा तपासला होता. दोन्ही वेळा दिसलं नाही. पोस्टकार्डावर मांडायला जागा पुरेना म्हणून रीत पाठवली नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दोन ओळी उतरवल्या की डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

मी खोटं बोलले नाही. मी चुकले. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

आता कारण सांगते. तू जानेवारीत विचारलं होतंस.

गुंडू मास्तर तुला आठवत असतील. शेजारच्या वर्गावर गणित शिकवायचे. आमची चढाओढ असायची, तोंडी हिशेबात त्यांनी मला दोनदाच जिंकू दिलं. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मी भेटायला गेले. नातीची तिसरीची वही त्यांच्या मांडीवर होती. हातच्याची बेरीज. त्यांना येईना. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले, पाहुण्यांसमोर हसतात तसं. नातीनं वही काढून घेतली.

छाती उघडतात, हृदय थांबवतात, रक्त यंत्रातून फिरवतात. तेवढ्या वेळात डोक्यातून काय निसटतं हे कोणी सांगत नाही. मरणाची मला भीती नाही. ते हसू मला नको होतं. पाढे शाबूत असताना जावं, एवढंच मनात होतं. तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरांना विचारून आली असतीस आणि मला समजावलं असतंस. म्हणून पैज लावली. वाटलं, सतरा-अठराला संख्या अडेल, तू गप्प बसशील.

आणि झालं हे. जे राखायला मी घरी बसले, ते घरी बसूनच निघालं आहे. शुक्रवारी मी शालूबाईसमोर सतराचा पाढा म्हटला. बरोबर म्हटला. शनिवारी सकाळी पुन्हा म्हटला, आठव्याला थांबले. ती म्हणाली, बाई, छत्तीसासे. तिला येतो. मीच शिकवलेला आहे, रात्रशाळेत.

पैज सोड. वीस झाले काय न झाले काय. मी येते. मात्र डॉक्टरांना सरळ विचार, हे रक्त कमी पडल्यानं होत असेल का, आणि झडप बदलल्यावर परत येईल का. ते काय म्हणतात ते जसंच्या तसं लिही. गोड करून नको.

सात बसतो. मी पुन्हा मांडला. तीन बैठका लागल्या, पण बसतो. संघप्रिया, तो काय सुंदर बसतो.

आत्ती

ता. क. तू यंत्र लावलंस. चौथ्या घरालाच मला संशय आला. ०, ४, ८ चालतात असं लिहून तू ८ घेतलास आणि ८ च का, ते लिहिलं नाहीस. तू लहानपणापासून कारण लिहितेस.


राजारामपुरी
१९ मार्च

आत्ती,

मी तो शब्द परत घेते. घेता येत असेल तर.

डॉक्टरांना आजच भेटले. जसंच्या तसं: "आकसलेल्या झडपेनं मेंदूला रक्त कमी पडतं, चक्कर येते, लक्ष लागत नाही, अशी चूक होऊ शकते. ऑपरेशननंतर काही जणांना काही काळ आठवायला, हिशेब करायला त्रास होतो. बऱ्याच जणांचा तो जातो. काहींचा राहतो. मी हमी देत नाही. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल याची मात्र देऊ शकतो." मी विचारलं, पेशंट गणिताच्या शिक्षिका आहेत, काही वेगळी काळजी? तर म्हणाले, "त्यांना सांगा, मला दहावीला गणितात पस्तीस होते. पण शिवण चांगली जमते."

हो, यंत्र लावलं. तुझं शून्य आलं त्या दिवशी. क्लासच्या कॉम्प्युटरवर दहा ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. अशा सगळ्या संख्या मिळून वीस हजार चारशे छप्पन्न आहेत, क्षणात पडद्यावर आल्या. ३६० पासून एक वाट लांब जात होती. आत्ती, मी खुर्चीत बसूच शकले नाही. वर्गात येरझाऱ्या घातल्या. म्हणून मी ८ घेतला. नंतरचा २ आणि ८ पण.

पण तुझे अंक तुझे होते! पाचव्या घराला तू शून्य घेऊ शकली असतीस, सातव्याला एक. कुठलाही घेतला असतास तरी ती वाट बंद झाली असती. प्रत्येक वेळी मी पोस्टमनची वाट बघत गल्लीच्या तोंडाशी उभी. ५ आला. मग ८ आला. तुला माहीत नव्हतं आणि तू नेमके तेच घेत होतीस. आणि नऊ अंकांनंतर मलाही काही करता येत नव्हतं, फक्त तुझ्याबरोबर बघत राहिले. कॉम्प्युटरनं आधी दाखवलं होतं तरी प्रत्येक अंक हातानं काढला. हातानं बसतो तेव्हा वेगळंच वाटतं. तू शिकवलेलं खरं आहे.

ती किती लांब जाते ते सांगणार नाही. अठरावा माझा, ८. पुढचे सगळे तुझे.

परवा गाडी घेऊन येते. शालूबाईलाही बरोबर घेऊ. ती येणार नाही म्हणाली तर म्हणावं, आकडा बोलवतोय.

संघप्रिया


कोल्हापूर, दवाखाना
२ एप्रिल
(सिस्टरांच्या हाती चिठ्ठी)

संघप्रिया,

तुला वॉर्डात भेटीच्या वेळेशिवाय सोडत नाहीत म्हणून लिहिते. उद्या सकाळी नेणार आहेत.

एकोणिसावा ६. विसावा ०. म्हणजे पैज तू जिंकलीस, पण मी आधीच येऊन पडले आहे, त्यामुळं तुला काही मिळत नाही.

मी थांबले नाही. एकविसावा ३. बाविसावा ६. तेविसाव्याला संबंध दुपार गेली. तेवीसचा पाढा मला पक्का नव्हता कधीच, गुंडू मास्तरांचा होता. ७. चोविसाव्याला २, पंचविसाव्याला ५.

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५.

बघ तिच्याकडं. शेवटून कितीही अंक पुसत ये, जिथं थांबशील तिथं ती खरी आहे.

पुढचं घर बाकी ठेवते. आज नको. ते उद्यानंतर करीन. जमलं तर तुला कळेल की मी आहे. नाही जमलं तर मला तिसरीची वही दाखवू नका, एवढं कर.

शालूबाई बाकावर बसून सिस्टरला दरडावते आहे. तिला चहा पाज.

आत्ती


कोल्हापूर, दवाखाना
३ एप्रिल
(चिठ्ठी)

आत्ती,

डॉक्टर बाहेर आले. "शिवण चांगली झाली," म्हणाले.

तू शुद्धीवर आलीस की ही तुला देतील. घशातली नळी आताच काढली असेल, बोलू नकोस. काही लिहू पण नकोस. घाई नाही. घर कुठं पळून जात नाही.

संघप्रिया


(चिठ्ठी, तारीख नाही)

सव्विसानं

पंचवीस अंकांपर्यंत बाकी ९
शून्य उतरवून ९०
सव्वीस त्रिक ७८
बाकी १२

१४ लागतात
एका घरात १४ मावत नाहीत

रीत मागे. तपास.


कोल्हापूर, दवाखाना
५ एप्रिल

आत्ती,

तपासली. जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. पंचवीस ओळी. अक्षर कलंडलं आहे, एके ठिकाणी पेन घसरलं आहे, आकडा एकही चुकलेला नाही. बाकी बारा. चौदा लागतात. बरोबर.

संख्या तिथंच संपते. पंचवीस अंकांची अशी संख्या एकच आहे, तुझ्या उशाशी आहे तीच. सव्वीस अंकांची एकही नाही. हे मला जानेवारीपासून माहीत होतं आणि तरी तुझ्या शेवटच्या ओळीशी येईपर्यंत मी दोनदा थांबून पुन्हा वरून सुरू केलं, कारण तू चौदाच्या जागी दुसरं काही लिहिलं असतंस तर.

सिस्टर म्हणाल्या, पेशंट पहाटेपासून हातवारे करून कागद मागत होत्या, आम्हाला वाटलं भ्रम झालाय.

बारा बघितल्यावर मी ओरडले. खूप मोठ्यानं. खालचा वॉचमन काठी घेऊन जिना चढून आला. "ओ ताई, हितं वरडायचं न्हाय! काय झालं? पेशंट गेला का काय?"

"न्हाय ओ मामा," मी म्हटलं. "पेशंटला भागाकार आला."

संघप्रिया